ताट नव्हे, ताटातलं

तीर्थरूप आईस,

पाया पडतो. हात स्वच्छ धुऊन लिहायला बसलोय. का ते पुढे कळेल.

मागे वेल्डिंग करताना मला जरा घेरी आली होती. आता ठणठणीत आहे, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वच्छ खात जा." मी म्हटलं, "अहो, ताट दोनदा घासतो!" त्या हसून बेजार. "ताट नव्हे हो, ताटातलं! पाकिटातलं कमी करा. ताजी भाजी आणा, घरी शिजवा."

दिवसभर लोखंड जोडतो, ते कधी बिघडलं नाही; भाजी मात्र पहिल्याच दिवशी करपली. तशीच खाल्ली. पण आता जमतंय. जिना चढताना धापही लागत नाही.

बाबा अजून चहात साखर ओततात का? त्यांना हे मोठ्यानं वाचून दाखव. चिडले तर माझं नाव पुढे कर.

"नीट जेवतोस ना?" असं तू दर पत्रात विचारतेस, आणि मी बिस्किटांचा पुडा फोडता फोडता "हो" लिहितो. आज "हो" लिहायला सवड नाही. भाजी गरम आहे, आणि हात धुतलेलेच आहेत.

तुझा,
धाकटा