विधवेच्या अर्जाची तारीख

मी, आत्माराम केशव तेंडोलकर, वय वर्षे सदुसष्ट, मूळ राहणार कुडाळ, सध्या राहणार करामा, दुबई, निवृत्त टाइमकीपर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तातली साखर थोडी वाढलेली आहे, पण तिचा निर्णयशक्तीवर परिणाम होत नाही असे डॉक्टर म्हणतात. पत्नीचे मत वेगळे आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. कुडाळ येथील दोन खोल्यांचा माझ्या नावावरचा फ्लॅट पत्नी सौ. विद्युल्लता हिला द्यावा. तिच्यामागे तो मुलगी शर्वाणी हिचा. फ्लॅटच्या मागच्या दाराला कडी नाही. ती बसवायचे एकोणीस वर्षे राहून गेले आहे. ती जबाबदारीही फ्लॅटबरोबर जाते.

२. कुडाळच्या बँकेतील मुदतठेवी पत्नीच्या. इथल्या बँकेत मी मुद्दाम चार हजार दिरहमच ठेवले आहेत, म्हणजे सुमारे एकोणपन्नास हजार रुपये. खातेदार गेला की इथे खाते गोठते आणि कागद फिरत राहतात. गोठायचेच असेल तर एवढेच गोठावे.

३. माझे दहन इथेच करावे. देह विमानाने नेऊ नये. पंचवीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पेट्यांचे कागद तयार केले. आपला कागद कोणी करावा असे मला वाटत नाही.

४. गुढीची काठी शर्वाणीला. ही काठी म्हणजे रास अल खोरच्या आमच्या वर्कशॉपमधला ॲल्युमिनियमचा पाइप आहे. १९८१ साली फोरमनला विचारून आणला होता. शर्वाणी गेल्या महिन्यात दुबई मरीनात चौदाव्या मजल्यावर राहायला गेली. तिथे बाल्कनीत काही टांगू देत नाहीत असे ती सांगते. सिक्युरिटीने हरकत घेतली तर गुढी आत, काचेशी उभारावी. बाहेरून दिसेल.

५. अर्जांची फाइल शर्वाणीला. यात दोनशे अकरा अर्जांच्या कार्बन प्रती आहेत. रजा, तिकीट, पासपोर्ट, थकलेला पगार. कामगारांच्या कॅम्पातली माणसे संध्याकाळी माझ्या खोलीवर येत आणि मी लिहून देत असे. पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

या फाइलमधल्या एकेचाळीस प्रती एकाच तारखेच्या आहेत. कुवेतच्या युद्धाच्या वेळी, एक्क्याण्णव साली, कंपनीचे पैसे तिकडे अडकले आणि चार महिने पगार झाला नाही. माणसांनी ठरवले की सगळ्यांनी मिळून एक अर्ज करायचा आणि ऑफिसच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. मी त्यांना म्हणालो, "एकत्र जाऊ नका. एका माणसाचा एक कागद. नाव, हजेरी नंबर, महिने. बाकी एक शब्द नको."

"सर, वेगवेगळं दिलं तर ऐकणार कोण?" एकाने विचारले.

"एकत्र दिलं तर तुम्हाला शत्रू म्हणतील. पूर्वी म्हटलेलं आहे."

कुठे म्हटले होते ते त्यांना सांगितले नाही. इंग्लंडात, साडेतीनशे वर्षांपूर्वी. राजाविरुद्ध लढून जिंकलेल्या पार्लमेंटच्याच सैन्याने थकलेल्या पगारासाठी अर्ज तयार केला, तेव्हा पार्लमेंटने अर्जदारांना राज्याचे शत्रू ठरवले. मी एकेचाळीस अर्ज दोन दिवसांत लिहिले. सात आठवड्यांनी पगार झाला. अर्जांमुळे झाला की युद्ध संपल्यामुळे, हे मला ठरवता आलेले नाही.

६. आता हस्तलिखित. यासाठीच मी हे सगळे लिहायला बसलो.

दुबईला येण्यापूर्वी मी सावंतवाडीला इतिहास शिकवत असे. इथे आल्यावर हजेरी घेऊ लागलो. इतिहास सुटला नाही. एकोणीसशे ऐंशीपासून मी एकच पुस्तक लिहीत आहे: सोळाशे बेचाळीस ते सोळाशे एकोणपन्नास या काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने युद्ध कसे चालवले. म्हणजे लढाया नव्हेत. सैनिकाला जेवायला कोणी घातले, जखमीला कोणी पोसले, त्यासाठी पैसे कुठून आणले. सुरुवातीला लोकांनी घरची चांदीची भांडी आणून दिली, बायकांनी शिवताना बोटात घालायची टोपणेसुद्धा दिली. ती संपल्यावर पार्लमेंटने बिअरवर कर बसवला. दाराशी रोज अर्ज येत. लंगडे सैनिक येत, विधवा येत. कंपनीतला एक इंग्रज इंजिनियर दर सुटीवरून येताना माझ्यासाठी जुन्या कागदांच्या झेरॉक्स आणायचा. "तेंडोलकर, माझ्या देशात हे कुणी वाचत नाही," असे म्हणून तो गठ्ठा टेबलावर टाकायचा.

शर्वाणी पंधरा वर्षांची असताना म्हणाली होती, "बाबा, हू विल रीड धिस?" मी म्हणालो, तू. ती म्हणाली, "इन मराठी? नो चान्स." अजून वाचलेले नाही. तक्रार नाही, नोंद आहे.

हे हस्तलिखित टाइप करायला मी श्री. लिओ तुस्कानो यांच्याकडे दिले. लिओ वसईचा, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बर दुबईतल्या एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये. मराठी टायपिंगची परीक्षा त्याने मुंबईत पहिल्या वर्गात पास केलेली. दर शुक्रवारी चर्च सुटले की तो आमच्याकडे येई. गोदरेजच्या मशीनवर दुपारपर्यंत टाइप करी. विद्युल्लता त्याला जेवायला थांबवी. असे चार वर्षे चालले.

१९९५ सालच्या एप्रिलमधल्या एका शुक्रवारी तो नवव्या प्रकरणात थांबला आणि म्हणाला, "सर, ही बाई नवरा मरायच्या आधीच विधवा झालीय."

"म्हणजे?"

"नवरा नेस्बीच्या लढाईत पडला. लढाई जून सोळाशे पंचेचाळीस, हे तुम्हीच सातव्या प्रकरणात लिहिलंय. बाईचा पेन्शनचा अर्ज दहा मार्च सोळाशे पंचेचाळीस. तीन महिने आधी."

मी म्हणालो, कारकुनाची चूक असेल, तू पुढे चल. तो चालला नाही.

"सर, पंचवीस मार्चला आमचा सण असतो. देवदूतानं मरियेला निरोप दिला तो दिवस. आमचे ब्रिटिश साहेब सांगत होते, जुन्या इंग्लंडात नवीन वर्ष त्या दिवशी लागायचं. जानेवारीत नाही. म्हणजे त्यांचा दहा मार्च पंचेचाळीस हा आपला दहा मार्च शेहेचाळीस. अर्ज लढाईनंतरच आला. आणि पार्लमेंटचं उत्तर तुम्ही दोन एप्रिल शेहेचाळीसचं दिलंय. म्हणजे तेवीस दिवसांत उत्तर. तुम्ही लिहिलंय, बाई वर्षभर ताटकळली. सगळं प्रकरण त्यावरच आहे, सर."

घरात पाहुणे होते. मी म्हणालो, "लिओ, तू टायपिस्ट आहेस. टायपिंग कर. इतिहास माझ्यावर सोड."

त्याने मशीनवर झाकण घातले. विद्युल्लता आतून म्हणाली, "अहो, जेवायला वाढलंय." तो म्हणाला, "वहिनी, आज नको." त्यानंतर तो आला नाही.

त्याच आठवड्यात मी झेरॉक्स पुन्हा काढल्या. छापणाऱ्यांनी त्या महिन्यांतल्या तारखांपुढे १६४५/६ असे दिले होते. त्या तिरप्या रेघेला मी इतकी वर्षे छपाईतली शंका समजत होतो. लिओचे बरोबर होते. हे मला गेली नऊ वर्षे माहीत आहे. मी ते आज पहिल्यांदा लिहीत आहे.

का लिहिले नाही, त्याचे कारण मैमुनाबी. तिचा नवरा आमच्याकडे गवंडी होता, राजापूरचा. १९९३ साली साइटवर काम करताना हृदय बंद पडून गेला. त्याची शिल्लक आणि भरपाई मिळावी म्हणून मैमुनाबी गावाहून पत्रे पाठवी आणि मी इकडे अर्ज करी. उत्तर यायला चौदा महिने लागले. शेवटच्या पत्रात तिने लिहिले होते, "भाऊ, नाही म्हणाले तरी चालेल, पण काहीतरी म्हणू देत." याच दिवसांत मी नववे प्रकरण लिहिले. मला ती इंग्लंडातली बाई वर्षभर दाराशी उभी हवी होती. तारखेनेही तसेच सांगितले. मी तारखेला दुसऱ्यांदा विचारले नाही.

खरे तर मला कळायला हवे होते. ज्याच्या घरी वर्ष मार्च-एप्रिलमध्ये बदलते, जो दरवर्षी त्या सुमारास ॲल्युमिनियमचा पाइप धुऊन बाल्कनीत बांधतो, त्याने इंग्रजांचे वर्ष जानेवारीतच लागत असणार असे धरून चालावे, ही चूक साधी नाही. परवाच्या रविवारी पाडव्याला पाइपाला साडी बांधताना विद्युल्लता म्हणाली, "लिओ बिचारा एवढंच सांगत होता. त्यांचंही आपल्यासारखंच होतं."

"तुला काय माहीत?"

"मी स्वयंपाकघरात होते. बहिरी नव्हते."

तेव्हा या कलमाने मी जाहीर करतो की नवव्या प्रकरणातील चूक माझी आहे. श्री. लिओ तुस्कानो यांनी ती दाखवली, आणि मी त्यांचा पाहुण्यांसमोर अपमान केला. त्या पार्लमेंटच्या नावावर बरेच वाईट जमा आहे. पण युद्धाने खजिना रिकामा झालेला असताना त्याने एका विधवेचा कागद तेवीस दिवसांत वाचला आणि तिला दर आठवड्याला पैसे लावून दिले. हे त्याच्या नावावर लिहावे. मैमुनाबीचे चौदा महिने मैमुनाबीच्याच नावावर राहावेत. मी ते दुसऱ्या बाईच्या नावावर टाकले, म्हणजे दोघींवरही अन्याय केला.

७. वरील हस्तलिखित, सर्व झेरॉक्स आणि गोदरेजचे मराठी टंकलेखन यंत्र श्री. लिओ तुस्कानो यांना द्यावे. नवव्या प्रकरणाची दुरुस्ती त्यांनी करावी. छापले गेल्यास मुखपृष्ठावर दोघांची नावे असावीत. यंत्राचे 'ळ' अक्षर अडकते, तेवढे बोटाने सोडवावे लागते. त्यांना ते माहीत आहे.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शर्वाणीने करावी. पहिला साक्षीदार म्हणून शेजारचे श्री. संजय परुळेकर यांनी होकार दिला आहे. दुसरी जागा मी रिकामी ठेवली आहे. विद्युल्लताने काल लिओला फोन केला. मी करणार होतो, पण तिने आधी केला. तो "बघतो" म्हणाला. तो आज संध्याकाळी सातपर्यंत आला नाही तर खालच्या लाँड्रीवाल्याची सही घ्यावी आणि कलम सहा तसेच ठेवावे.

पुरवणी. त्याच दिवशी.

लिओ सहाला दहा मिनिटे असताना आला. हातात वसईच्या सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा होता. केस बरेच पांढरे झाले आहेत. माझ्याबद्दल त्याचेही तेच मत दिसले. त्याने बसण्याआधी वरचे सगळे उभ्याने वाचले. वाचताना एकदा हसला. कुठे ते मला कळले नाही.

"सर, सातवं कलम काढा," तो म्हणाला.

"का?"

"मेलेल्या माणसाची प्रुफं मी तपासत नाही. अडलं तर विचारायचं कुणाला?"

सहीच्या वेळी हजर राहायला आलेल्या शर्वाणीकडे मी पाहिले. ती म्हणाली, "डोन्ट लुक ॲट मी, लिओ अंकल इज राइट."

"शुक्रवारी चर्च सुटलं की येतो," लिओ म्हणाला. "दहाला. नववं प्रकरण काढून ठेवा. आणि रिबन नवीन आणा, ही वाळलेली असणार."

"सहावं कलम वाचलंस ना?"

"वाचलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं अक्षर लागलं."

विद्युल्लता म्हणाली, "जेवून जायचं. या वेळी ऐकणार नाहीये मी."

"वहिनी, सुकेळी काय मी मिरवायला आणली?"

सबब कलम सात मी रद्द करीत आहे. हस्तलिखिताची विल्हेवाट मृत्युपत्राने लावायची गरज आता उरलेली नाही. ते मी आणि श्री. तुस्कानो मिळून पूर्ण करणार आहोत. त्याआधी मला काही झालेच, तर हस्तलिखित शर्वाणीने वाचावे, आणि मगच लिओकडे द्यावे. टंकलेखन यंत्र मात्र आजपासूनच त्यांचे. ते आमच्याकडे राहील, कारण त्यांच्या खोलीत जागा नाही.

हे सर्व मला मान्य आहे. मला काही कमी पडलेले नाही. वाचून, समजून, साक्षीदारांच्या समोर सही करीत आहे.

सही: आ. के. तेंडोलकर

साक्षीदार १: संजय परुळेकर, करामा
दिनांक २४ मार्च २००४

साक्षीदार २: लिओ तुस्कानो, बर दुबई
दिनांक २४ मार्च ~~२००३~~ २००४

टीप: साक्षीदार क्रमांक दोन यांनी दिनांकात प्रथम २००३ लिहिले आणि म्हणाले, "वर्ष उद्या बदलतं, सर." माझ्या सांगण्यावरून त्यांनी ते खोडून २००४ केले. पहिला आकडाही चूक नव्हता, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

ठिकाण: करामा, दुबई. आ. के. तें.