विषय नसलेले मेल

१२ जानेवारी, रविवार

ह्यांचा मेलबॉक्स भरत आलाय! टॅब उघडला की वर लाल पट्टी. निहार-ममता जेवायला आले होते, त्यांना दाखवली. ममता म्हणाली, "आई, बंदच करून टाकूया ना ते अकाउंट. लाइटचं बिल तुमच्या नंबरवर घेऊ." सुनेचं काही चुकत नव्हतं. पण निहार घास हातात धरून एकदम म्हणाला, "राहू दे. काय खायला मागतंय ते?" मग माझ्याकडे बघून – "फक्त भरू देऊ नकोस, आई. भरलं की नवीन मेल आत येत नाहीत. परत जातात."

मला बरंच वाटलं. हे जाऊन दोन वर्षं झाली. ह्यांच्या नावाचं आता उरलंय काय – दारावरची पाटी आणि हा मेल.

ममताने जाताना शिकवलं. नुसतं डिलीट करायचं नाही. "डिलीट केलं की कचरा गेला, पण टाकणारा उद्या परत येणार. 'रिपोर्ट स्पॅम' दाबा. मशीन काही फालतू मेल आपणहून अडवतं, काही त्याच्या हातून सुटतात. सुटलेले तुम्ही दाखवून द्यायचे. मग ते शिकतं."

ओळखायचे कसे? नाव ओळखीचं नाही, विषयाची जागा रिकामी – दाबा. उघडून बघायचं नाही!

१४ जानेवारी

संक्रांत. ह्यांना पहिला तिळगूळ आला तो एका विमा कंपनीचा! दाबला नाही. सणाचा आहे.

१७ जानेवारी

दुपारची झोप सोडली आणि मेल घेऊन बसले. इंग्रजी मी औषधांच्या खोक्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, त्यामुळे एकेक अक्षर लावावं लागतं. पण जमतं. "डिअर दत्ताराम, तुमचे केस पुन्हा उगवतील." मला एवढं हसू आलं! ह्यांना लग्नातच टक्कल होतं. फेट्याखाली लपवलेलं.

दाबायला बोट नेलं आणि थांबले. "डिअर दत्ताराम" म्हणणारं आता कोण आहे? मित्र फोन करेनासे झाले, त्यांचंही बरोबर आहे. केसांच्या तेलवाल्याला मात्र अजून बातमी कळलेली नाही.

उद्या दाबेन.

१८ जानेवारी

दाबला.

२६ जानेवारी, रविवार

हात बसलाय आता. लॉटरी, रम्मी, परदेशात बसून मरणारी श्रीमंत बाई – सगळे दाबले. एक कुणी रॉकी आहे, तो सारखा येतो. विषय नाही, काही नाही. रम्मीवालाच असणार. आल्या आल्या दाबते. आता कमी झालाय – मशीनही ओळखायला लागलं त्याला!

निहारला कौतुकाने सांगितलं. म्हणाला, "सगळे वाचतेस?"

"छे रे. विषय नसला की न उघडता दाबते."

तो इशिताच्या वेणीचा रबर काढून पुन्हा घालत बसला. पोरगी ओरडली, "पप्पा, दुखतंय!"

५ फेब्रुवारी

पट्टी गेली! मेलबॉक्स मोकळा, स्वच्छ. सगळं आपल्या हाताने केलं. तरी घर झाडून पुसून ठेवावं आणि कुणी येऊच नये, तसं वाटलं.

११ फेब्रुवारी

वाचनालयात गेले होते. उर्मिला म्हणाली, "काकू, तुम्ही मागितलेलं पुस्तक कधीचं आलंय. मेल टाकला की काकांच्या पत्त्यावर!" मी म्हटलं, आला नाही. ती हसली. "स्पॅममध्ये बघा. कधी कधी चांगली माणसंही तिकडे जाऊन पडतात."

घरी आल्यावर तो कप्पा पहिल्यांदा उघडला. वाचनालय सापडलं, लॉटरीच्या आणि तेलवाल्याच्या मध्ये बसलेलं. बिचारं! बाहेर काढलं. त्याच्याखालीच रॉकी होता. काढताना बोट त्याच्यावर पडलं आणि तो उघडला.

मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. एकेक लावून वाचलं.

"पप्पा, इशिता आज सायकल चालवायला शिकली. मी मागून हात सोडला, तिला कळलंच नाही. तुम्हीही माझा असाच सोडला होता ना?"

पुढे होतं. वाचलं नाही. ते मला लिहिलेलं नव्हतं.

रॉकी! आमच्या बिल्डिंगखालचा तांबडा कुत्रा. निहार सातवीत होता तेव्हा हे त्याला घेऊन स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले होते, मेल उघडून द्यायला. दोघं हसत घरी आले – "निहार नाव आधीच कुणीतरी घेतलंय, म्हणून रॉकीच्या नावाने उघडला!" मी तेव्हा पोळ्या करत होते. हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं.

१२ फेब्रुवारी

कप्प्यात रॉकीचे दोनच मेल. बाकीचे कुठे म्हणून ममताला फोन केला. कुणाचे ते सांगितलं नाही. ती म्हणाली, "स्पॅममधलं ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आई. परत येत नाही. काही महत्त्वाचं होतं का?"

म्हटलं, नाही गं.

स्मशानातून आल्यावर सगळे रडले, निहार रडला नाही. पाहुण्यांना चहा देत फिरला. मला वाटायचं, हा असाच – ह्यांच्यासारखा, कोरडा. आणि हा इथे येऊन बोलत होता. मी रोज दुपारी पंख्याखाली बसून, चष्मा पुसून, त्याचं बोलणं पुसत होते! मशीनलाही शिकवलं – ह्याला आत घेऊ नकोस.

दोन्ही मेलांवर 'स्पॅम नाही' दाबलं. ते वर जाऊन बसले. एक बाई बसलीय समोर, एवढंही त्या टॅबला कळलं नसेल. तरी हात जोडले.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगायचं कसं? वाचलं म्हणावं तर त्याला लाज वाटणार. गप्प बसावं तर तो लिहिणंच सोडेल.

वाढता वाढता ममताकडे बघून म्हटलं, "लोक विषय लिहीत नाहीत गं. मग माझ्यासारखीच्या हातून घरचंच माणूस दाबलं जातं. मशीनला परत शिकवलंय मी. आता अडवणार नाही कुणाला."

ममता म्हणाली, "वा! आई एक्स्पर्ट झाल्या."

निहार खाली बघून भात कालवत राहिला. मग म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं. तरी वाढलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

निहार आला नाही. ऑफिसचं काम आहे म्हणे. ममता आणि इशिता येऊन गेल्या. मेलमध्ये फक्त लाइटचं बिल.

२७ फेब्रुवारी

काही नाही.

२ मार्च, रविवार

सकाळीच एक आला. सरळ आत, अडवला नाही. रॉकी. विषयाच्या जागी मराठी अक्षरांत लिहिलंय – "पप्पांसाठी. आईने वाचलं तरी चालेल."