टॉवेलचा हंस

धाराशिव, शुक्रवार, संध्याकाळ

उषाच्या हळदीकुंकवाहून आत्ताच आले. सगळ्या बायका तिच्या क्रूझचे फोटो बघत होत्या. केबिनमधल्या पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये हिला रुमालाची घडी जमत नव्हती, मीच घालून द्यायचे.

टाइमशेअरची मेंबरशिप आम्ही दोघींनी एकाच दिवशी घेतली. वर्षाला एक आठवडा रिसॉर्टमध्ये राहायचं. तिनं यंदाचा आठवडा कंपनीला देऊन त्याच्या बदल्यात क्रूझ घेतली. आमचा दरवर्षी मुलगा-सून वापरतात. मीच देते, ते मागत नाहीत. मग हा जळफळाट कशाला?

"तुझा आठवडा कुठं गेला गं?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं. मी तिळगूळ चघळत राहिले.

घरी आल्यावर यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, आठवडा देऊनही वर पैसे भरावेच लागतात. त्यापेक्षा सरळ तिकीट स्वस्त पडतं."

"मग सरळ काढा."

हे चष्मा पुसत बसले. मी टॉवेल घेऊन हंस करायला लागले. मान तीनदा पडली.

शेवटी हेच म्हणाले, "दोघांचंच काढायचं ना?"

मुलाला सावकाश सांगेन. आधी उषाला.