गवताला विश्रांती

ता. ३ फेब्रुवारी

चि. ढुशीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला असं लिहिलंस, पण औषध कोणतं घेतलंस ते लिहिलं नाहीस, म्हणजे घेतलंच नसशील. रात्री खिडकी लावून झोपत जा. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी काळजीने भरून काढतो, म्हणून आपलं पत्रच बरं.

बातमी मोठी आहे. एक विमा कंपनी लहान मुलांच्या खेळासाठी पैसे देणार आहे. देणार एकाच मैदानाला, मागणारे मात्र ढीगभर. फुटबॉलवाले आहेत, हॉकीवाले आहेत, आपल्यासारखाच नदीपलीकडचा रग्बी क्लबही आहे. आपल्या क्लबच्या सेक्रेटरींनी अर्ज टाकलाय. मिळालं तर कपडे बदलायच्या खोल्यांवर छप्पर येईल, दिवे लागतील, आणि मुख्य म्हणजे पगारी कोच नेमता येईल. अर्जात कोच म्हणून तुझंच नाव घातलंय असं ते म्हणाले. तू तिकडे कोचच्या नोकरीला गेल्यापासून मोठी मुलं लहानांना शिकवतात. ते किती दिवस चालणार?

महिनाअखेरीस कंपनीची माणसं मैदान बघायला येतील. मैदानाचा माळी मी, तेव्हा नाक कापलं गेलं तर ते माझंच. गोलखांबांपुढे टक्कल पडलंय. तिथे बी टाकलंय आणि गवताला थोडी विश्रांती देतोय.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. घाईने काही करू नकोस. केलंस तरी चालेल म्हणा.

या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा


ता. ११ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

औषध घेतलं. पुरावा म्हणून रिकामी बाटली पाठवू का?

इथलं मैदान प्लास्टिकच्या गवताचं आहे, त्यामुळे तुम्हाला इथे कुणी नोकरी देणार नाही. आईवडील मुलांना गाडीतून सोडतात आणि तास संपला की उचलून नेतात. मग मी चेंडू मोजून जाळीत भरते. सुट्टीच्या दिवशी तर कुणाशीच बोलणं होत नाही. परवा संध्याकाळी दुकानात जाऊन उगाच साबणाचा भाव विचारला, आपला आवाज शिल्लक आहे का ते बघायला.

पुढच्या करारावर मी सही केलेली नाही. महिनाअखेरपर्यंत थांबा असं मोठ्या कोचना सांगितलंय. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण थांबले.

गवताचे फार लाड करू नका. माझे कधी एवढे केले नाहीत.

आहे तेवढा जीव माझ्यावर राहू द्या.

आपली,
ढुशी


ता. २ मार्च

चि. ढुशीस आशीर्वाद.

पैसे फुटबॉलवाल्यांना मिळाले. लिहायला हात उचलत नव्हता.

मी तुला थोडी विश्रांती लिहिलं होतं, ती थोडी नव्हती. त्याच दिवशी मी फाटकाला कुलूप घातलं. मुलं रोज बाहेर जमायची, आजोबा, एकच डाव म्हणून मागे लागायची. मी हाकलून द्यायचो. पुढे पुढे ती यायचीच थांबली, तेव्हा मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली. सेक्रेटरी बाहेरगावी होते, त्यांना पत्ताच नव्हता.

कंपनीकडून एक बाई आणि एक तरुण आले. गवत असं भरलं होतं की पाऊल टाकायचा धीर होईना. बाईंनी वाकून त्यावर हात फिरवला, फार सुंदर राखलंय म्हणाल्या. मी फुगलो. मग त्यांनी विचारलं, मुलं कुठे खेळतात. मी म्हटलं, इथेच. त्यांनी विचारलं, कधी. सेक्रेटरी माझ्या तोंडाकडे बघत राहिले. दोनचार मुलांना बोलवा म्हणाल्या, तर बोलवायला कुणी नव्हतं. तो तरुण हसत सांगत होता, फुटबॉलच्या मैदानात त्याचा बूट चिखलात रुतून बसला, पोरांनीच ओढून काढला. तेव्हाच मी काय ते समजलो. काल कंपनीचा नकार आला.

सेक्रेटरींनी ते पत्र माझ्या हातात दिलं आणि घरी गेले. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तू सही करून टाक. तुझी खोली बंद केली आहे, उगाच धूळ नको.

रागावलीस तरी लिहीत जा, एवढीच मागणी.

बाबा


ता. ९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

रागावले होते. तुमचं पत्र उशीखाली सारलं आणि दिवसभर कुणाशी नीट वागले नाही. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुम्ही फाटकाशी झारी घेऊन पोरांना हाकलताय असं दिसलं आणि हसू आलं.

सही केली. करार दोन वर्षांचा आहे. तुम्ही कुणासाठी केलंत ते मला कळतं, म्हणून आता माफीबिफी लिहू नका. कुलूप तेवढं काढा.

वेळेवर जेवा आणि मला मनातून काढू नका.

ढुशी


ता. २० मार्च

चि. ढुशीस पुष्कळ आशीर्वाद.

कुलूप काढलं. आधी कुणीच फिरकलं नाही. मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसायचो. एवढं मोठं हिरवंगार मैदान आणि वर एक टिटवी, तीही माझ्यावरच ओरडायची. मोठी मुलं फुटबॉलकडे गेली. तिकडे बूट मिळतात, त्यांना कसा दोष देणार?

काल मात्र चिल्लीपिल्ली आली, आठ-दहा असतील. शिकवणारी मोठी मुलं गेलेली, म्हणून त्यांनी मलाच विचारलं, आजोबा, सुरुवात कशी करायची. इतकी वर्षं मी रेघा मारल्या, पण रेघांच्या आत काय चालतं ते कधी धड बघितलं नाही. नजर सारखी गवतावर.

तू मुलांना सगळ्यात आधी पडायला शिकवायचीस, एवढं आठवतं. तेव्हा ते सगळं लिहून पाठव. कुणी अंगावर आलं की डोकं कुठे ठेवायचं, आधी कोणता खांदा टेकायचा, चेंडू धरून ठेवायचा की सोडायचा. सोपं लिही. मी त्यांना वाचून दाखवीन, आणि नाहीच कळलं तर स्वतः पडून बघीन. जमीन मऊ आहे.

कधी येतेस ते विचारत नाही. कोचचं पत्र येतंय असं मी मुलांना सांगून बसलोय. तोवर नुसतं पळा म्हटलंय.

वाट बघणाऱ्यांवर लोभ ठेव.

तुझा,
बाबा