सुधारित दर

११ नोव्हेंबर

सकाळी सकाळी मोबाइल कंपनीचा मेसेज. आधी वाटलं, काहीतरी बक्षीसबिक्षीस लागलं! "प्रिय ग्राहक, आपल्याला अधिक चांगला अनुभव देता यावा म्हणून आपल्या प्लॅनचा दर सुधारित करण्यात येत आहे." दोनदा वाचला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला — बिल वाढलंय. अख्ख्या मेसेजात 'वाढ' हा शब्द औषधाला नाही. सुधारित! तब्येत सुधारते, पोरगं सुधारतं. भाव कसा काय सुधारतो?

आणि आपला तर दोन वर्षांचा करार. हँडसेटही त्यांनीच दिलेला, हप्त्यानं. "दोन वर्षं दर हलणार नाही, मॅडम," म्हणाला होता तो विकणारा. वर्षसुद्धा झालं नाही अजून.

अफताबला दाखवलं. तंबोऱ्याच्या खुंट्या बसवत होता. मान वर न करता म्हणतो, "भरून टाक की. कशाला डोकं लावतीस?"

नवरा म्हणावा का कोण! डोकं आहे म्हणून लावते.

१२ नोव्हेंबर

कस्टमर केअरला फोन लावला. गाणं वाजतंय, वाजतंय… स्पीकरवर ठेवून भाजी निवडली. अब्बा — म्हणजे माझे सासरे, तंबोऱ्याचा सूर लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही — पलीकडनं ओरडले, "कोन वाजवतंय गं ती सतार? बेसूर हाय!" मला हसू आवरेना.

शेवटी एक मुलगी आली. विचारलं, "दर कोण ठरवतं?"

"सिस्टिममध्ये अपडेट झालाय, मॅम."

"पण सिस्टिमला सांगितलं कुणी?"

मग ती हळूच म्हणाली, "मॅम, असं आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं." बिचारी! तिलाही माहीत नसणार. मला मात्र आता खरंच बघायचंय, ह्या सगळ्याच्या शेवटी बसलेला माणूस कोण आहे.

१४ नोव्हेंबर

नंबर दुसऱ्या कंपनीकडं न्यावा म्हटलं, तर तेही जमत नाही. वाढीव बिल भरल्याशिवाय सोडत नाहीत. आणि नाही भरलं तर नंबर बंद. पुढं तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकतात म्हणे.

हा नंबर! आमच्या दुकानातनं बाहेर पडलेल्या प्रत्येक तंबोऱ्याच्या मागं नावाची पट्टी असते, आणि पट्टीवर हाच नंबर. पुण्यापासून पार धारवाडपर्यंत. तार तुटली, तारांखालची घोडी सरकली की लोक पट्टी बघून फोन करतात, अब्बा फोनवरच ऐकून सांगतात काय बिघडलंय. नंबर गेला तर त्या लोकांनी आम्हाला शोधायचं कुठं? इतके दिवस मजा वाटत होती. आता नाही.

१८ नोव्हेंबर

सांगलीला गेले, कंपनीच्या ऑफिसात. काउंटरवर जयराज नावाचा पोरसवदा माणूस, तोंड पडलेलं. माझ्यापुढं एक आजोबा त्याला झापत होते. पलूसचे हंबीरराव, फौजेतनं रिटायर, आता ऊस बघतात. तक्रार तीच! "आवं, विसार दिला की बैलाचासुदीक भाव फिरत न्हाई. तुमचा फोन काय बैलाहून मोठा लागून गेला व्हय?"

मला एकदम टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्याही दुकानात हेच. आगाऊ विसार घेतला, भाव ठरला. मग लाकूड महागो नाहीतर काही होवो. अब्बांनी आजवर मोडलेलं नाही. जयराजला विचारलं, "विसाराला तुमच्याकडं काय शब्द आहे?" म्हणाला, "सिक्युरिटी डिपॉझिट." ते निराळंच की!

हंबीररावांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतनं जाहिरातीचा कागद काढला, घडीसुद्धा न मोडलेला. "फौजेची सवय हाय ताई, कागुद टाकायचा न्हाई." त्यावर ठळक — 'दोन वर्षं दर तोच, आमचा शब्द!' आणि 'शब्द'च्या डोक्यावर एवढीशी चांदणी. चांदणी म्हणजे अटी लागू. अटी कुठायत? नेटवर.

"तुम्ही वाचल्यात?" मी जयराजला.

"नाही मॅडम." मग इकडंतिकडं बघून, "आमच्या आईचापण हाच प्लॅन आहे."

तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. शेवटी ठेवून दिलं — "एकदा शब्द देऊन पैसे घेतल्यावर मध्येच भाव बदलणे म्हणजे ग्राहकाला अडकवून लुटणे आहे." हंबीरराव खूश. "लय झणझणीत लिवलंय! मलाबी ह्योच पायजे." त्यांचाही माझ्याच हातानं लिहून दिला, शिक्का मारून प्रत घ्यायला लावली. प्रत गेली पिशवीत.

२३ नोव्हेंबर

हंबीरराव मिरजेत, आमच्या दुकानात! सोबत नात राजेश्वरी, साताऱ्याला गाणं शिकते. तंबोरा करायचाय. अब्बांनी तिला चार-पाच भोपळे वाजवून दाखवले, तिचा तिलाच निवडायला लावला. पोरगी इतकी हरखली! भाव अब्बांनी सांगितला. हंबीररावांनी घासाघीस केली नाही, विसार हातावर ठेवला. जाताना म्हणाले, "फिरदोसताई, तुमच्यासारखी मान्सं हायत म्हनून बरं हाय."

दिवसभर हवेत होते.

३ डिसेंबर

कंपनीचं उत्तर — 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' काय निकाली? कुठं काढली? वर अपील केलं. हंबीररावांचंही माझ्याकडनंच. नंबर बंद करायची धमकी रोज येतेय. येऊ दे.

१२ डिसेंबर

भोपळेवाला आला. यंदा पाण्यानं वेल कुजले म्हणे, भाव ऐकून अफताबचं तोंड कडू. अब्बा जुम्याच्या नमाजला गेलेले. अफताब म्हणाला, "ऑर्डरवाल्यांना कळवून टाक. अब्बांना मी सांगतो नंतर. तुला लिहायला छान जमतं."

लिहिलं — "प्रिय ग्राहक, आपल्याला उत्तम दर्जाचे वाद्य देता यावे म्हणून तंबोऱ्यांचे दर सुधारित करण्यात येत आहेत." शब्द कसे भराभर सुचले! हल्ली हात बसलाय. यादीतल्या सगळ्यांना पाठवून दिलं आणि कणीक मळायला घेतली.

१५ डिसेंबर

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

'विशेष बाब म्हणून' करार संपेपर्यंत मूळचाच दर. चुकलो म्हणायला जीभ रेटत नाही मेल्यांची, पण नंबर राहिला! अफताबनं पेढे आणले. अब्बांनी डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "शब्द फिरवनाऱ्याला वाकवलंस पोरी. माझ्या दुकानाचं नाव राखलंस." माझे डोळेच भरून आले.

हंबीररावांना कळवायला फोन केला तर उचलत नाहीत. पुन्हा केला, तर त्यांनी कट केला. उसाची तोड चालू असेल.

१६ डिसेंबर

दुकानाच्या नंबरवर हंबीररावांचा फोटो आला. मी त्यांना लिहून दिलेला अर्ज. कंपनीचं नाव खोडलंय, वर आमच्या दुकानाचं लिहिलंय. बाकी अक्षर न् अक्षर माझं. शेवटचं वाक्यसुद्धा. खाली एक ओळ — "ताई, उत्तराची वाट बघतो."

अब्बा विचारतायत, "कुनाचा मेसेज गं?"