हात पाठीमागे

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. चिडण्यासारखी जिवंत माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांच्यावर चिडून झालं. गाईडच्या पथकातल्या मुली सांभाळणं म्हणजे काय असतं, हे तुम्ही आम्हाला कधी कळूच दिलं नाही. तेव्हा वाटायचं, यात काय मोठं, बाई नुसत्या उभ्या तर असतात. म्हणून तर शाळेच्या हेडबाईंनी फोन करून "तू जुनी गाईड ना, रविवारी येशील का, पगार मात्र नाही" असं विचारलं, तेव्हा मी हो म्हणून बसले. आठवडाभर तुयेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचं आणि रविवारी सकाळी डिचोलीत येऊन सहावी-सातवीच्या मुलींना स्वतःच्या पायावर उभं करायचं. उभ्या राहतील तर ना! "टीचर, बाटली उघडत नाही." "टीचर, बसू का?" एकीच्या बुटाची नाडी सुटली तर ती पाय पुढे करून माझ्यासमोर येऊन थांबली. सुटली तर बांध, म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला विहिरीत उतरायला सांगत होते.

आणि आया! तुमच्या वेळी आया शाळेच्या फाटकापाशी थांबायच्या. आता त्या फोनमधून आत येतात. पाणी प्यायली का, टोपी घातली का, उन्हात का उभी केली. एकदा मैदानाच्या कडेला मुलींनी चूल मांडून खिचडी करायची ठरली. घरून काही पाठवू नका, असं मी ग्रुपवर पुन्हा पुन्हा लिहिलं. तांदळाला अजून उकळीही आली नव्हती, तेवढ्यात एक आई स्कूटरवरून हजर. पिशवीत पाववाल्याकडच्या गरम पोयी आणि पातळ भाजी. "टीचर, पोरां भुकेन मरतलीं." पोरी चूल तशीच सोडून पोयीवर तुटून पडल्या. खिचडी करपली ती करपलीच. माझ्याही हातात कोणीतरी अर्धी पोयी ठेवली आणि रागारागाने मी ती खाल्ली.

त्या दिवशी मला तुमचा पेडण्याचा कँप आठवत होता. आम्ही तीन काठ्या बांधून तिपाई केली होती, तिला पेजेचं भांडं टांगलं होतं. काठ्यांच्या गाठी माझ्या. तुम्ही बाजूला उभ्या होतात, नेहमीसारखे हात पाठीमागे. गाठ सरकतेय हे तुम्हाला दिसत असणारच. आम्हाला दिसलं ते तिपाई आडवी झाल्यावर. सगळी पेज मातीत. आम्ही रडायला लागलो आणि तुम्ही फक्त म्हणालात, "आता?" मी दुसरीच्या हातातला दोर ओढायला गेले, तेव्हा मात्र तुमचा आवाज चढला. "हात! काम तिचं आहे ना? मग तुझे हात पाठीमागे." पुन्हा तिपाई बांधून पेज शिजेपर्यंत ऊन कलायला आलं, आणि तोवर तुम्हीही काही खाल्लं नव्हतं. मी तुमच्या मागे उभी होते म्हणून मला आणखी एक दिसलं. तुमच्या एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट गच्च धरलं होतं, इतकं की बांगडी कातडीत रुतली होती. तेव्हा मला वाटलं, बाईंचा हात दुखतोय. कँप संपल्यावर तुम्ही तो सुती दोर मला दिलात. "सराव कर," एवढंच म्हणालात.

तोच दोर मी या वर्षी नाडीवाल्या मुलीला दिला. ती नार्व्याची. वडील बोटीवर, घरी आई आणि आजोबा. दरवर्षी गणेशचवथीच्या आदल्या दिवशी वास्कोहून काका येतो आणि माटोळी बांधतो. यंदा बंदरात त्याला सुट्टी मिळेना. रविवारी सगळ्या मुली पांगल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, "टीचर, माटोळी यंदा हांव बांधतलें." माटोळी काय असते ते तुम्हाला सांगायला नको. गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला लगडलेल्या नारळाच्या पेंडी, सुपारीची शिपटी, चिबूड, रानातून आणलेली कांगलांसारखी फळं. पण ती बांधतं कोण, हे बाई, आपणही कधी विचारलं नाही. पुरुष स्टुलावर चढतात, बायका खालून दोर देतात. मी तिला "शाबास" म्हटलं आणि तिची पाठ वळताच मनात हिशेब मांडायला लागले. एक गाठ सुटली तर नारळ थेट मूर्तीवर. ऐन चवथीला गणपती भंगला, तर ते घर तिला जन्मभर ऐकवेल आणि पुन्हा दोराला हात लावू देणार नाही. बाकीच्या आयाही आपापल्या मुली काढून घेतील.

तिच्या आईचा फोन आलाच. "टीचर, तुमीच सांगात तिका. आयकना ती. पडली जाल्यार?" मी काय सांगणार? मीच शिकवलेलं पोर. शेवटी निकाल आजोबांनी दिला. "बांधता जाल्यार बांद. पूण मागीर दुसऱ्या कोणें हात लावचो ना. काकानय ना." एकदा बांधली की नंतर कुणीच हात लावायचा नाही, या अटीला मुलगी हो म्हणाली. मी मात्र दोन दिवस कारखान्यात एकाच्या जागी दुसराच माल देत होते.

चवथीला आमच्या घरचा नैवेद्य उरकून मी नार्व्याला गेले. दर्शनाचं निमित्त, दुसरं काय. आत जाते तर माटोळी टांगलेली. थोडी तिरकी आहे. केवणीच्या सालीचे दोर कुठे लांब, कुठे आखूड. बरोबर मूर्तीच्या वर नारळाची पेंड, आणि पंख्याच्या वाऱ्याने ती हलतेय, निदान मला तरी हलताना दिसतेय. आई तळलेल्या गोड नेवऱ्यांची बशी घेऊन येते, आजोबा खुर्चीत पान चघळत बसलेत. मी हात जोडते. छत बुटकं, हात वर केला की पेंडीला लागतो. जोडलेले हात कधी सुटले आणि वर गेले, मला कळलं नाही.

"टीचर, हात!"

दारात ती उभी होती. आजोबांचं चघळणं थांबलं. वर्षभर रविवारी मी ज्या आवाजात ओरडते, अगदी त्याच आवाजात ती बोलली होती. मी हात खाली घेतले, पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरं मनगट धरलं. आजोबा म्हणाले, "बसात, टीचर, नेवरी खायात." नेवरी बशीत तशीच राहिली, कारण हात सोडायची माझी हिंमत नव्हती.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणूनच एक सांगून टाकते. ती ओरडली त्याच्या आधी मी पेंडीची गाठ एकदा ओढून पाहिली होती. तिला वाटतं, तिने मला वेळेवर थांबवलं. गाठ जराही सरकली नाही, बाई. मला आनंद झाला, झालाच. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, ती सरकली नाही याचंच मला वाईट वाटलं होतं.