चढावरची व्हॅन

वरची वाडी, बेडसे
१० नोव्हेंबर २०२४

ती. उमेशमामास,
हर्षदाचा सा. न.

तुमच्या पायाचं प्लॅस्टर कवा निघणार? आई रोज इचारती. वाडीत रेंज न्हाई हे तर हायच, पण असती तरी फोनवर मी नुसती व्हय-व्हय करते आन् सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिवतीय. आबा तुमच्या कुसगावला बंगल्यावर बागेच्या कामाला येत्यात, त्यांच्याच हाती देतीय. त्यांना वाचता येत न्हाई, पण दुसऱ्या कुणाकडनं वाचून घेतील म्हणून पाकीट पिठानं चिकटवलंय.

काम व्हॅनचं हाय. आबांनी ती जुनी घेतली तवाच किलोमीटरचा काटा दोन लाखाच्या वर गेलता. आता निळा धूर सोडती. चढाला तर मागचं माणूस दिसत न्हाई. बेडशाची पोरं म्हणत्यात, डास मारायची गाडी आली. तेलबी लय पिती. आबा सकाळी दारातच सीट उचलून इंजानातली तेल मापायची काडी बघत्यात, कमी दिसलं की ओतत्यात. आता म्हणत्यात इंजान संपलं, भंगारात देऊन टाकू.

पण मामा, सारिकाताई बाळंतपणाला आलीय, पौषात दिवस भरत्यात. पावसाळ्यात महिपतीभाऊची जीप बंद पडलेली, तवा अडलेल्या रतनबाईला झोळी करून खाली न्यावं लागलं. ताईनं ते ऐकलंय. व्हॅन चालू केली की ती दारात येऊन ऐकत उभी राहती.

कामशेतचा दुकानदार म्हणला, पातळ महागातलं तेल घाल, नव्या गाड्यांना तेच लागतं. महिपतीभाऊ म्हणत्यात सगळ्यात जाड घाल आन् वर ते धूर थांबायचं औषध ओत. आबा म्हणत्यात, भंगारात जाणाऱ्या गाडीला सुटं तेल बास. तुमी गॅरेजवालं, तुमीच सांगा कंचं घालू. मला लायसन मिळालंय. पण आबा अजून शेजारी बसत न्हाईत, मागं बसून देवाचं नाव घेत्यात.

पायाला जपा. माया कमी करू नका.

तुमची,
हर्षू


कुसगाव
१४ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षूस,
मामाचे अ. उ. आ.

पाकीट उघडताना पीठ नाकात गेलं, लय शिंकलो. तुझी मामी म्हणली, पोरीनं पत्र पाठवलंय का भाकरी? प्लॅस्टरला अजून महिना हाय. न्हाईतर मीच आलो असतो.

आता नीट वाच. पातळ तेल नको. इतक्या चाललेल्या इंजनात आतल्या फटी वाढलेल्या असत्यात, पातळ तेल त्यातनं वर जाऊन जळतं. औषध-बिषध काय ओतू नको. सुटं तेल तर हातबी लावू नको, त्यात काय मिसळलंय ते विकणाऱ्यालाबी ठाऊक नसतं. सीलबंद डबा घे, २०-डब्ल्यू-५०. मागचा आकडा जितका मोठा तितकं ते तापल्यावरबी जाड राहतं. धूर जरा कमी व्हावा.

आणि एक कर. घाई न करता बघ. धूर कवा येतो, तेल कवा कमी होतं. आपल्या घरात बोलणारे लय हायत, बघणारी तू एकटीच. आबा हितं च्या प्यायला आलते, तासभर व्हॅनला शिव्या देत बसले. पण जाताना इचारलं की पोरीला घाटात चालवता येईल का. हे तुला सांगू नको म्हणलेत.

ताईला जपा. तुझं पत्र आलं की पाय दुखायचा थांबतो, म्हणून लिहीत राहा.

तुझा,
उमेशमामा


वरची वाडी, बेडसे
१ डिसेंबर २०२४

ती. मामास,
सा. न.

तुमी सांगितलं तेच तेल घातलं. पण धूर तसाच. वर आता थंडी पडलीय, तर सकाळी चालू करताना व्हॅन म्हशीवानी हंबरती. आबांनी भंगारवाल्याला निरोप धाडलाय, येत्या रविवारी येतो म्हणलाय. ताईनं ऐकलं आन् जेवली न्हाई.

मी बघत राहिले. काल बायकांना घेऊन बेडशाला हळदीला गेलते. शाळेपुढं सपाट पटांगण हाय, तितं गाडी लावली. बसून कटाळा आला म्हणून काडी काढली. मामा, तेल वरच्या खुणेच्याबी लय वर! मला वाटलं कुणी गंमत केली. घरी येऊन परत बघितलं तर खुणेच्या खाली. आज मुद्दाम खाली जाऊन बघितलं, परत वर. घरी आले, परत खाली. तेल काय वाटेत उतरून चालत जातं का?

आपल्या दाराम्होरं चढ हाय ते तुमाला ठाऊकच हाय. व्हॅन कायम नाक वर करून, चाकामागं धोंडा लावून उभी असती. त्याचंच काय असंल का? आबांना सांगायला जाते आन् दुसरंच कायतरी बोलून येते. रविवारच्या आत तुमीच त्यांना लिवा.

उत्तराची वाट बघत,
हर्षू


कुसगाव
४ डिसेंबर २०२४

चि. हर्षूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून एवढा हसलो की मी पडलो समजून मामी कुबडी घेऊन आली. अगं, गाडी नाक वर करून उभी, म्हणजे तेल सगळं मागं पळतं आणि काडीला कमी लागतं. आबा बिचारे रोज ओततायत. आतलं चाक त्या तेलात बुडून त्याचा फेस करतंय, तेच जळून धूर येतोय. मीबी त्याच वाडीत वाढलो, त्याच चढावर पडलो, तरी गाडी कुटं उभी करता हे इचारलं न्हाई.

आता चालवू नको. महिपतीला पाना घेऊन बोलव, गाडी ढकलून सपाट जागी न्या, सगळं तेल काढा. ते डब्यात भरून ठेवा, ओढ्याला जाऊ देऊ नका. आता ५०चं एवढं जाड नको, आणि थंडीत डब्ल्यूच्या आधीचा आकडाबी लहान बरा, तेल लवकर वर चढतं. १५-डब्ल्यू-४० घाल. सपाटीवर, दोन खुणांच्या मधे, टिपूस जास्त न्हाई. आधीचं तेल आत चिकटलेलं असतंय, ते जळेपर्यंत थोडा धूर येईल, घाबरू नको.

आबांना मी लिहिणार न्हाई. लिहिलं तरी त्यांना वाचून कोण दाखवणार, तूच ना? मग आपलं आपणच सांग. तोंडानं न्हाई जमलं तर हातानं दाखव.

रविवारी माझं ध्यान तिकडंच असंल.

तुझा,
उमेशमामा


वरची वाडी, बेडसे
१२ जानेवारी २०२५

ती. मामास,
सा. न.

तुमी मामाआजोबा झालात! मुलगी झाली. ताई आन् बाळ दोघी ठणठणीत हायत.

आधी त्या रविवारचं सांगते. तोंडानं न्हाईच जमलं. सपाट जागा म्हंजे आपलं खळंच, तितं नाचणी पसरलेली, ती आईनं आन् मी गोळा केली, महिपतीभाऊनं गाडी ढकलून दिली. मग आबांचा हात धरून नेलं आन् काडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बघितली, पुसली, परत घातली, परत बघितली, तेल वरच्या खुणेच्या लय वर. मग म्हणले, म्हणजे इतके दिवस मी तिला पोट फुटेपर्यंत जेवायला घालत होतो का काय. आई हसायला लागली ती थांबंना. भंगारवाला आला, तर आबांनी त्याला च्या पाजला, गोठ्यातला मोडका पत्रा दिला आन् वाटंला लावला. मग महिपतीभाऊनं सगळं तेल काढलं आन् तुमी सांगितलं तेवढंच नवं घातलं.

परवा सकाळी ताईला कळा आल्या. आई तिला धरून मागं बसली. आबा आपणहून माझ्या शेजारी बसले आन् देवाचं नाव घेतलं न्हाई. नुसतं म्हणले, खड्डा हाय. खड्डा हाय. कान्हे गावच्या दवाखान्यापातूर तेवढंच. मी आरशात मागं बघत होते. रस्ता साफ दिसत होता, मागनं येणाऱ्या दुधवाल्याचं तोंडसुदीक.

आज सकाळपासून दाराम्होरं ठणठण चाललीय. बघितलं तर आबा कुदळीनं चढ फोडतायत. व्हॅनपुरती जागा सपाट करतायत. मधनं मधनं परातीत पाणी घालून ठिवत्यात आन् कुठल्या अंगाला कलतंय ते वाकून बघत्यात. मी घमेलं उचलायला गेले तर नको म्हणले, तू जा, मामाला पत्र लिव.

म्हणून लिवतीय. आता तुमी पायावर उभं राहिलात की या. जागा झाली की व्हॅन घेऊन तुमाला न्यायला मीच येते, आन् लोभ नुसता पत्रात ठिवू नका, संगं आणा.

तुमची,
हर्षू